वाटाण्याचा टेस्ट क्रॉस: गोल-पिवळ्या दाण्यांचे जीनोटाइप, रब्बी 2024-25

28 ऑक्टोबर 2024

पेरायचे 18 दाणे वेगळे काढले. सगळे दुसऱ्या पिढीतले, सगळे गोल, सगळ्यांची डाळ पिवळी. मूळ संकर किराणा दुकानातला पांढरा वाटाणा आणि अर्केल या जातीचा वाटाणा यांचा. पांढरा वाटाणा गोल आणि आतून पिवळा. अर्केल वाळल्यावर सुरकुततो आणि आतून हिरवाच राहतो. पहिल्या पिढीत एकूण एक दाणा गोल-पिवळा निघाला होता, तेव्हा गोल आणि पिवळा हे प्रभावी, सुरकुतलेला आणि हिरवा हे अप्रभावी.

नोंदीतली खूण: गो, सु, पि, हि. जोडी तिरप्या रेघेने. अर्केल म्हणजे सु/सु हि/हि, दोन्ही गुणांत अप्रभावी, म्हणून टेस्टर (ज्याच्याशी संकर करून समोरच्या झाडाचे दडलेले गुण तपासायचे तो जोडीदार) म्हणून आयता मिळतो. असा संकर म्हणजे टेस्ट क्रॉस. त्याच्या परागातून सु आणि हि याखेरीज काही येऊच शकत नाही. समोरच्या झाडाने जे दिलं तेच दाण्यावर उघडं दिसतं.

18 दाण्यांपैकी कुठलाही एक या चार जीनोटाइपांपैकी (आतल्या जनुकांच्या जोड्यांपैकी) काहीही असू शकतो: गो/गो पि/पि, गो/गो पि/हि, गो/सु पि/पि, गो/सु पि/हि. अपेक्षित प्रमाण 1:2:2:4. बाहेरून चौघेही सारखेच.

प्रत्येक दाण्याची भ्रूणाच्या विरुद्ध बाजूने ब्लेडने टाचणीच्या डोक्याएवढी कपची काढली, काचपट्टीवर चुरली, पाण्याचा थेंब आणि पातळ आयोडीन घालून 400 पट मोठं करून पाहिलं. गो/गो मध्ये स्टार्चचे कण मोठे, लांबट, अखंड. सु/सु मध्ये लहान, मधून चिरलेले, तुकड्या-तुकड्यांचे. गो/सु चे कण मधले: गोलसर, अधूनमधून फुटलेले. बाहेरून पूर्ण दिसणारं प्रभावीपण स्टार्चच्या पातळीवर पूर्ण नसतं. कपची डाळीची, डाळ भ्रूणाचीच, म्हणून हा अंदाज त्याच झाडाचा. अंदाज लिहून पाकीट बंद केलं. दाणे मोजून झाल्याशिवाय उघडायचं नाही, नाहीतर अर्धवट सुरकुतीचा दाणा हातात आला की डोळा अंदाजाकडे झुकतो.

30 ऑक्टोबर

पेरणी. वाफ्याला वापसा आल्यावर 3 सेंटिमीटर खोल, दोन दाण्यांत 20 सेंटिमीटर, ओळींत 60. फुलं हाताळायला हात आणि चिमटा दोन्ही आत जायला हवेत, म्हणून अंतर जास्त ठेवलं आहे. कापलेल्या बाजूला थायरम हे बुरशीनाशक लावलं. पेरल्यावर लगेच भरपूर पाणी दिलं तर कापलेला दाणा कुजतो. सुरकुतलेल्या दाण्यातून साखर जास्त झिरपते, म्हणून अर्केलचंही तेच होतं.

अर्केल तीन हप्त्यांत पेरायचा: आज, 9 नोव्हेंबरला आणि 19 नोव्हेंबरला. तो लवकर येणारा, चाळीसेक दिवसांत फुलतो. पांढऱ्या वाटाण्याचं रक्त असलेली झाडं पंधरा-वीस दिवस मागे असतात. एकदाच पेरला तर समोरची झाडं कळीवर येईपर्यंत टेस्टरचा बहर ओसरलेला असतो, आणि एवढ्यावरून पूर्ण हंगाम हातचा जातो.

पुरंदर भागात वाटाणा पावसाळ्यातही उत्तम येतो. क्रॉससाठी मात्र रब्बीच बरी. भिजलेला पराग फुटतो, पिशवीत पाणी साचतं आणि शेंग वाफ्यावर नीट वाळत नाही.

20 नोव्हेंबर

सगळे दाणे उगवले. प्रत्येक झाडाला स्वतंत्र काठी, काठीवर ॲल्युमिनियमची पट्टी, त्यावर खिळ्याने कोरलेला क्रमांक. शाईचा क्रमांक फेब्रुवारीच्या उन्हात टिकत नाही. सुतळीचा आधार आताच दिला. वेल एकमेकांत गुंतले की कुठली शेंग कुणाची, हे नंतर सोडवता येत नाही.

5 डिसेंबर

एका झाडामागे किती दाणे मिळवायचे, हे फुलं येण्याआधी ठरवलं.

झाड गो/सु असेल तर टेस्ट क्रॉसचा प्रत्येक दाणा गोल निघण्याची शक्यता निम्मी. सात दाणे ओळीने गोल निघण्याची 128 मध्ये 1. बहुतेक ठिकाणी हिशेब इथेच थांबवतात, पण दुसऱ्या पिढीतल्या गोल दाण्यांत विषमयुग्मकी (जोडीतली दोन जनुकं वेगळी, जसं गो/सु) दुप्पट असतात, तीनात दोन. हे वजन धरलं की n दाणे गोल आल्यावरही झाड विषमयुग्मकी असण्याची शक्यता 2 भागिले (2 चा n वा घात अधिक 2). सात दाण्यांना 2/130, म्हणजे दीड टक्का. आठ दाण्यांना 2/258, एका टक्क्याच्या आत. दहाला 2/1026.

म्हणून किमान आठ, उद्दिष्ट बारा. दोन्ही गुण एकाच दाण्यावर वाचता येतात, तेव्हा दाणे दुप्पट लागत नाहीत.

हेच काम स्वपरागणावर सोडलं तर अप्रभावी दाणा चारात एकदाच येतो आणि तोच एक टक्का गाठायला 19 दाणे लागतात. वाटाणा ते फुकट देतो, कारण न छेडलेलं प्रत्येक फूल स्वपरागितच. मेंडेलने दुसऱ्या पिढीतली गोल दाण्यांची 565 झाडं अशीच तपासली: 193 निव्वळ गोल, 372 मिश्र. पिवळ्या दाण्यांची 519: 166 आणि 353. फुलाच्या रंगासारख्या झाडावरच्या गुणांसाठी मात्र त्याने एका झाडाचे दहाच दाणे लावले. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने 1936 मध्ये दाखवलं की दहा दाण्यांत सुमारे 5.6 टक्के विषमयुग्मकी झाडं शुद्ध म्हणून निसटायला हवीत. (3/4 चा दहावा घात कॅल्क्युलेटरवर काढून पाहावा.)

तरीही टेस्ट क्रॉस का? दाणे कमी लागतात, हे झालंच. खरं मोल वेगळं आहे: झाड कुठले युग्मक (पराग आणि बीजांडातल्या प्रजनन पेशी) कुठल्या प्रमाणात बनवतं, ते स्वपरागणात दोन्हीकडचे युग्मक मिसळल्यामुळे झाकलं जातं, टेस्ट क्रॉसमध्ये सरळ मोजता येतं. मेंडेलने पहिल्या पिढीचा दुहेरी संकर अप्रभावी जातीशी जोडला तेव्हा 208 दाण्यांत चारही प्रकार 49 ते 55 च्या दरम्यान आले. युग्मक चार प्रकारचे आणि समप्रमाणात, याचा एवढा थेट पुरावा स्वपरागणातलं 9:3:3:1 देत नाही.

22 डिसेंबर

पहिले क्रॉस. झाड आई, अर्केल बाप. सकाळी साडेसात ते दहा.

कळी निवडणं हेच निम्मं काम. वाटाण्याचे परागकोश फूल उमलायच्या आदल्या दिवशीच, कळीतच फुटतात. पांढरं टोक हिरव्या पेल्याबाहेर जेमतेम डोकावतंय, अशी कळी घ्यायची. पाकळी पेल्याच्या दुप्पट झाली असेल तर उशीर झाला.

कळी डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत. मागची मोठी पाकळी आणि दोन्ही पंख चिमट्याने मागे वळवायचे, तोडायचे नाहीत. समोर नावेसारखी मिटलेली जोडपाकळी दिसते. तिच्या वरच्या शिवणीत चिमट्याचं एकच टोक घालून चीर द्यायची आणि हलकेच खाली दाबायचं. आत दहा पुंकेसर: नऊ तळाशी जोडलेले, एक सुटा. परागकोश हिरवट-पिवळे आणि घट्ट असले तर कळी बरोबर. पिठूळ दिसले, चिमट्याला पिवळं लागलं, तर ती कळी खुडून टाकायची. धुऊन-पुसून वापरायची नाही. एकेक तंतू धरून दहाही मोजून काढायचे. सुटा दहावा कुक्षीवृंताच्या (स्त्रीकेसराच्या दांड्याच्या) मागे लपतो. मोजलं नाही तर तोच राहतो.

पराग अर्केलच्या त्याच सकाळी उमललेल्या फुलातून. जोडपाकळी खाली ओढली की कुक्षीवृंत बाहेर येतो, त्याच्या टोकाखालच्या केसांवर पराग चिकटलेला असतो. तोच ब्रश म्हणून आईच्या कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) टेकवायचा. कुक्षी कळीतच तयार असते, दुसऱ्या दिवशीची वाट पाहायला नको. पाकळ्या परत मिटवायच्या, वर बटर पेपरची छोटी पिशवी, देठाला दोरा आणि टॅग: झाड क्रमांक, तारीख, दिशा.

दोन झाडांच्या मध्ये चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून पूर्ण वाळवायचा. ओला चिमटा कुक्षी जाळतो.

30 डिसेंबर

आठवड्यात कळतं. बीजांडकोश लांबून पाकळ्यांतून बाहेर आला की जमलं. देठ पिवळा पडून टॅगसकट गळला तर कुक्षी दुखावली किंवा पेला जास्त फाटला. वाफ्यावर गळ निम्म्याच्या आसपास आहे, म्हणून प्रत्येक झाडावर आठ कळ्या धरायच्या. क्रॉसच्या शेंगेत दाणे कमीच धरतात, तीन ते पाच. चार शेंगा टिकल्या तर बाराचं गणित बसतं.

पिशव्या आज काढल्या. शेंग धरल्यावर बाहेरच्या परागाचा धोका उरत नाही, आणि आत मावा वाढतो.

6 जानेवारी 2025

आई कुणाला करायचं, यावर सविस्तर, कारण सूचनांमध्ये हे बहुधा गाळलेलं असतं आणि चुकीचे निष्कर्ष इथूनच निघतात.

टेस्ट क्रॉसचा पुरावा दोन बाजूंना सारखा नाही. प्रभावी दाणे कितीही आले तरी शक्यता फक्त घटते. अप्रभावी दाणा एक आला तरी निकाल लागतो. म्हणूनच एखादा खोटा अप्रभावी दाणा सगळं उलटवू शकतो, आणि तो कुठून शिरू शकतो हे आधी बंद करायला हवं.

अर्केल आई असताना एखादा परागकोश राहिला, तर अर्केलचं स्वपरागण होतं. ते दाणे हटकून सुरकुतलेले-हिरवे. झाड शुद्ध असूनही विषमयुग्मकी ठरतं. उलट, तपासायचं झाड आई असेल आणि तिथे परागकोश राहिला, तर शुद्ध झाडाचे दाणे स्वपरागणानेही गोल-पिवळेच येतात. विषमयुग्मकी झाडाचे 1:1 ऐवजी 3:1 कडे सरकतात, पण अप्रभावी दाणा येतोच. प्रमाण बिघडतं, निकाल उलटत नाही. म्हणून मुख्य क्रॉसमध्ये तपासायचं झाड नेहमी आई.

उलट दिशेचे थोडे क्रॉस झाड 3 आणि झाड 12 चे, तुलनेसाठी, अर्केलवर केले. त्यांचे टॅग लाल.

फळमाशीवर काम करणाऱ्यांना हाच नियम दुसऱ्या रूपात लागू. टेस्टर मादी कुमारी नसेल तर बाटलीतल्या आपल्याच अप्रभावी नराचे शुक्राणू घेऊन ती येते. 25 अंशाला मादी कोषातून निघाल्यापासून आठ तासांच्या आत वेगळी करावी लागते, ती यासाठी.

17 जानेवारी

खालच्या पानांवर भुरी (पांढरी बुरशी). पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटरला 25 ग्रॅम, संध्याकाळी. क्रॉस 12 तारखेला थांबवले होते, त्यामुळे फवारणीचा कुक्षीवर परिणाम व्हायचा प्रश्न नाही. भुरी शेंगांवर चढली तर दाणे अर्धवट भरतात, आणि अर्धवट भरलेला गोल दाणा वाळला की सुरकुतल्यासारखा दिसतो.

11 फेब्रुवारी

खालच्या शेंगा तपकिरी झाल्या. हलवल्यावर दाणा वाजेपर्यंत काढणी नाही.

रंगाच्या बाबतीत घाई आणि उशीर दोन्ही घातक. पि दाणाही कोवळा असताना हिरवाच असतो. पिकताना हरितद्रव्य मोडतं म्हणून पिवळा होतो. हि/हि मध्ये ते मोडण्याची यंत्रणाच बिघडलेली असते (जबाबदार जनुक 2007 मध्ये सापडलं). लवकर काढला तर पिवळा हिरवा वाटतो. शेंग उकलून दाणा उन्हात पडला तर हिरवा विटून पिवळट होतो. शेंग वाजली की त्याच दिवशी खुडून कागदी पाकिटात, सावलीत.

24 फेब्रुवारी

वाचन. दाणा शेंगेत दिसतो तो आईचा नसतो, पुढच्या पिढीचा असतो. आईचं फक्त वरचं टरफल. म्हणून पुन्हा पेरायची गरज नाही, निकाल याच हंगामात. पण टरफल आईचं असल्यामुळे रंग वरून वाचायचा नाही. नखाने टरफलाचा तुकडा उचलून डाळ पाहायची, पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली फिकट हिरवा आणि पिवळा वेगळे होत नाहीत.

आकारात खळगा म्हणजे सुरकुती नव्हे. शेंगेत दाटीने वाढलेला गोल दाणा चौकोनी होतो, एका बाजूला चेपतो. खऱ्या सुरकुतलेल्या दाण्याच्या घड्या सगळीकडून आत जातात. कारण आतलं आहे: स्टार्चला फांद्या फोडणारं एक एन्झाइम त्यात काम करत नाही, साखर साठते, साखरेमागे पाणी येतं, वाळताना ते गेलं की टरफल सैल पडतं. त्या जनुकात सुमारे 800 बेसचा एक तुकडा घुसलेला आहे, हे नॉरिचच्या जॉन इनेस संस्थेतल्या संशोधकांनी 1990 मध्ये दाखवलं.

प्रत्येक झाडाचा पहिला सुरकुतलेला दाणा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निकाल एका दाण्यावर लागतो, तेव्हा सगळ्यात जास्त संशय त्याच दाण्यावर घ्यायचा. दोन ठिकाणी कण मोठे आणि अखंड निघाले. ते अर्धवट भरलेले गोल दाणे होते, गोलमध्ये गेले.

27 फेब्रुवारी

निकाल: गो/सु पि/हि 7 झाडं, गो/सु पि/पि 4, गो/गो पि/हि 4, गो/गो पि/पि 3. अपेक्षा 8, 4, 4, 2 ची होती. 18 झाडांवर काय-वर्ग (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतला फरक तपासणारी कसोटी) लावू नये, अपेक्षित संख्या पाचाच्या खाली जातात.

सात दुहेरी विषमयुग्मकी झाडांचे मिळून 98 दाणे: गोल-पिवळे 27, गोल-हिरवे 22, सुरकुतलेले-पिवळे 26, सुरकुतलेले-हिरवे 23. अपेक्षित प्रत्येकी 24.5. काय-वर्ग 0.69, तीन मुक्तांशांना (चार प्रकार वजा एक) मर्यादा 7.815; त्याखालचा फरक योगायोगाचा धरतात. दोन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, तेव्हा 1:1:1:1 च यायला हवं. गोल आणि पिवळ्यांकडे ठळक झुकाव नाही, म्हणजे राहिलेल्या परागकोशांमुळे मोठी भेसळही नाही.

एकेका झाडाच्या 12-14 दाण्यांवर प्रमाण तपासू नये. बारात 5, 1, 4, 2 असं आलं तरी ते 1:1:1:1 शी विसंगत नाही. इतक्या दाण्यांवरून जीनोटाइप सांगता येतो, प्रमाण नाही.

2 मार्च

लाल टॅग. झाड 3 चा पराग अर्केलवर: 7 गोल-पिवळे, 3 सुरकुतलेले-हिरवे, मधल्या दोन प्रकारांतला एकही नाही. तेच झाड आई असताना 13 पैकी 13 गोल-पिवळे.

नुसते लाल टॅगचे दाणे पाहिले तर हे सहलग्नतेसारखं (दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर असल्याने जोडीने जाण्यासारखं) दिसतं. फळमाशीतलं प्रसिद्ध उदाहरण आठवावं: काळं शरीर आणि खुरटे पंख, विषमयुग्मकी मादीचा टेस्ट क्रॉस, 2300 माश्यांत जनक प्रकार (मूळ आईबापांसारखे) 965 आणि 944, नवे प्रकार 206 आणि 185. नवे 17 टक्के. नर विषमयुग्मकी घेतला तर नवे शून्य, कारण फळमाशीच्या नरात जनुकांची अदलाबदल होत नाही. वाटाण्यात तसा अपवाद नाही, आणि ही दोन जनुकं सहलग्नही नाहीत. झाड खरंच गो/सु पि/हि असतं तर दहा दाण्यांत मधला एकही प्रकार न येण्याची शक्यता 1024 मध्ये 1. दोन्ही अप्रभावी गुण जोडीनेच येतात आणि एकेकटे कधीच नाहीत, तेव्हा आधी आईचं स्वपरागण धरावं. हे तीन दाणे अर्केलचेच.

खात्रीसाठी तिन्ही कुंडीत लावले आहेत. अर्केल बुटका, झाड 3 उंच, उंची प्रभावी. एखादं रोप उंच वाढलं तर ते नक्की संकरित, आणि वरचं अनुमान मोडेल. बुटकं राहिलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण झाड 3 उंचीत शुद्ध आहे की नाही हे तपासलेलं नाही.

झाड 12 चे लाल टॅगचे दाणे आईच्या बाजूच्या निकालाशी जुळले.

5 मार्च

पाकीट उघडलं. स्टार्चवरून बांधलेला गो/गो की गो/सु हा अंदाज 17 झाडांत जुळला. झाड 14 चा अंदाज गो/गो होता. क्रॉसमध्ये बारापैकी 5 सुरकुतलेले, पाचांचेही कण फुटलेले. झाड 14 ची नोंद गो/सु. मधल्या प्रतीचे कण मोजून ठरवायचे असतात, एका नजरेत नाही. पुढच्या वेळी प्रत्येक कपचीत किमान तीस कण मोजून किती फुटलेले ते लिहायचं. रंगासाठी असा आतला पुरावा आमच्या साधनांत मिळत नाही. तिथे क्रॉस हाच आधार.

9 मार्च

झाड 9 ची अडचण: आठपैकी दोनच शेंगा टिकल्या, 5 दाणे, सगळे गोल-पिवळे. पाचांवर विषमयुग्मकी असण्याची शक्यता 2/34, जवळजवळ सहा टक्के, प्रत्येक गुणासाठी. एवढ्यावर गो/गो पि/पि लिहिणं बरोबर नाही. त्याच झाडाच्या न छेडलेल्या शेंगांतून 31 दाणे मिळाले, सगळे गोल, सगळे पिवळे. 3/4 चा 31 वा घात सुमारे 0.00013. दोन्ही पुरावे आणि दुप्पट वजन गुणून शक्यता लाखात एकाच्याही खाली. आता नोंद पक्की.

इतर झाडांचे स्वपरागित दाणेही मोजून टेस्ट क्रॉसशी ताडून पाहिले. कुठेही विरोध नाही.

12 मार्च

तिन्ही गो/गो पि/पि झाडांचे दाणे पुढच्या हंगामासाठी वेगळे ठेवले. दाताखाली टणक लागेपर्यंत वाळवले, चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवून भुंगेऱ्याची अंडी मारली, मग घट्ट झाकणाच्या बरणीत. फ्रीझरमधून काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. चिठ्ठीवर झाड क्रमांक, जीनोटाइप आणि तो किती दाण्यांवरून ठरवला ती संख्या. संख्या नसलेला जीनोटाइप पुढच्या वर्षी कुणी वापरायचा नाही.